रस्त्याची कड

पुण्याहून मुंबईकडे निघालेला प्रवासी खंडाळ्याच्या माथ्यावर येतो, आणि समोरची जमीन एकाएकी संपल्यासारखी वाटते. खाली दूरवर कोकणपट्टी पसरलेली असते आणि तिच्याकडे बोरघाटाची वाट वळणे घेत उतरत जाते. एकेकाळी या वाटेने पाठीवर माल लादलेले बैलांचे तांडे चढत-उतरत असत. 1830 साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला. 1863 मध्ये आगगाडी धावू लागली. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. बैल गेले, बैलगाडी गेली, आगगाडीचे वाफेचे इंजिनही गेले. प्रवाशाची एक सवय मात्र या साऱ्या काळात कायम राहिली. तो वाटेत काही खातो, आणि खाऊन जे उरते ते रस्त्याच्या कडेला टाकून पुढे जातो.

जुन्या काळचा वाटसरू आजच्या प्रवाशापेक्षा अधिक स्वच्छ होता, असे समजण्याचे कारण नाही. तोही टाकतच असे. परंतु तो टाकी काय, हे पाहण्यासारखे आहे. त्याची शिदोरी फडक्यात बांधलेली असे आणि फडके कुणी टाकीत नसे; ते झटकून पुन्हा खांद्यावर जाई. भाकरी, कांदा, चटणी, असला तर गुळाचा खडा. मागे काय उरणार? फार तर कांद्याची टरफले! लग्नाचे वऱ्हाड असले, तर झाडाखाली पंगत बसे आणि पंगत उठल्यावर पळसाच्या पत्रावळींचा नि द्रोणांचा ढीग पडे. उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी पडत, पुढे जांभळाच्या बिया पडत. घाटवाटांवर मैलोगणती वस्ती नसताना मध्येच एखादे रायवळ आंब्याचे झाड उभे दिसते. ते कुणी लावले, याचा पत्ता लागत नाही. कुणी लावलेच नसेल. शंभर वर्षांपूर्वी कुणा भुकेल्या हमालाने चोखून भिरकावलेली कोय तिथे रुजली असेल आणि त्याच्या त्या कचऱ्याच्या सावलीत आज लोक विसावा घेत असतील.

पत्रावळीचे पुढे काय होई, तेही पाहावे. प्रथम मुंग्या येत. मग वाटेने जाणारी गाय किंवा शेळी येई. खरकट्यासकट पत्रावळ तिच्या पोटात जाई आणि शेणाच्या रूपाने शेतात परत येई. एखादी उरलीच, तर पावसाच्या पहिल्या सरींनी ती नरम पडे. तिच्यावर बुरशी चढे, वाळवी लागे, गांडुळे तिचे तुकडे खाली ओढून नेत. दसऱ्यापर्यंत तिच्या जागी चिमूटभर काळी माती तेवढी उरे. टाकणारा निष्काळजी होता, पण टाकलेली वस्तू दयाळू होती. त्याचा निष्काळजीपणा ती आपल्याबरोबर मातीत घेऊन जाई. म्हणून शेकडो वर्षे ही सवय कुणाला खुपली नाही. पुढे वस्तू बदलली आणि सवय तशीच राहिली. सारा घोटाळा इथे आहे.

वस्तू बदलली ती फार जुन्या काळी नव्हे. 1933 साली इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ वायूंवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. एका प्रयोगात पात्राच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ अनपेक्षितपणे हाती आला. तेच पॉलिथीन. पुढे 1965 साली स्वीडनमधील सेलोप्लास्ट या कंपनीने पॉलिथीनची, बनियनसारखे दोन बंद असलेली पिशवी तयार करून तिचे पेटंट घेतले. ही पिशवी कल्पिणारे स्टेन गुस्ताफ थुलिन यांचा हेतू वाईट नव्हता. कागदी पिशव्यांसाठी झाडे तुटू नयेत आणि एक हलकी, टिकाऊ पिशवी माणसाने घडी घालून खिशात ठेवावी, पुन्हा पुन्हा वापरावी, असे त्यांच्या मनात होते, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. लोकांनी ती खिशात ठेवली नाही. ती इतकी स्वस्त झाली, की जपून ठेवणेच हास्यास्पद वाटू लागले.

ही पिशवी पाण्याने भिजत नाही, तिला बुरशी लागत नाही, वाळवी तिला तोंड लावीत नाही. दुकानात हे तिचे गुण ठरले. पाने आणि लाकूड पचविण्याची विद्या सूक्ष्म जीवांना कोट्यवधी वर्षांच्या अभ्यासाने साधली आहे. पॉलिथीनला मात्र अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. 2016 साली जपानी शास्त्रज्ञांनी, पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात ते प्लास्टिक हळूहळू खाणारा एक जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभर केवढे कुतूहल निर्माण झाले! परंतु तो जंतू रस्त्याच्या कडेला पडलेली बाटली उद्या-परवा संपवील, अशी आशा कुणी धरू नये. उघड्यावर पडलेल्या प्लास्टिकवर खरा अंमल चालतो तो उन्हाचा. उन्हाने ते ठिसूळ होते, तडकते, त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचे कण होतात. पिशवी दिसेनाशी होते, म्हणून ती नाहीशी झाली असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः ती इतकी बारीक झालेली असते, की आता तिला उचलून टोपलीत टाकणे कुणालाच शक्य नसते. अशा अतिसूक्ष्म कणांचा शोध शास्त्रज्ञ 2004 पासून नेटाने घेत आहेत. समुद्राच्या वाळूत ते सापडले, शेतजमिनीत सापडले, आणि 2022 साली माणसाच्या रक्तातही सापडले.

काचेची गोष्ट निराळी. काच विषारी नाही, मातीशी तिचे भांडणही नाही. पण ती जातच नाही. पैठण आणि तेर येथील उत्खननांत सातवाहनकाळातील काचेचे मणी मिळाले आहेत. दोन हजार वर्षे मातीखाली राहूनही ते मणीच राहिले. मग घाटाच्या वळणावर दगडावर आपटून फोडलेली बाटली किती वर्षे टिकेल? गवत वाढले की तिचे तुकडे दिसत नाहीत. चरायला आलेल्या म्हशीच्या पायाला आणि तिच्यामागून अनवाणी येणाऱ्या गुराख्याच्या पायाला ते बरोबर सापडतात.

आणि गाय? ती तर जुन्या ओळखीने आजही रस्त्याच्या कडेला येते. पत्रावळ जिथे मिळे, तिथे आता गाठ मारलेली पिशवी मिळते. पिशवीत शिळा भात असतो, भाजीची देठे असतात, मिठाचा वास असतो. गाईला हात नाहीत, गाठ सोडता येत नाही. आणि ती घास चावत बसत नाही, आधी गिळते नि मग निवांत रवंथ करते. पिशवी तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जाऊन पडते. तेथून ती पुढे सरकत नाही आणि रवंथासाठी वरही येत नाही. दुसरी पिशवी येते, तिसरी येते, दोरा येतो, आणि या साऱ्यांचा पीळ बसून एक घट्ट गोळा होतो. चाऱ्याला जागा उरत नाही. पोट फुगलेले दिसते आणि गाय उपासाने खंगत जाते. 2021 साली हरियाणातील फरिदाबाद येथे पशुवैद्यांनी एका गाभण गाईच्या पोटातून 71 किलो कचरा शस्त्रक्रिया करून बाहेर काढला. त्यात प्लास्टिक होते, सुया होत्या, नाणीही होती. गाय वाचली नाही; तिचे वासरूही वाचले नाही. ज्यांनी त्या पिशव्या रस्त्यावर टाकल्या होत्या, त्यांपैकी कित्येकांनी गाय दिसताच तिला भक्तिभावाने हातही जोडले असतील!

हा कचरा टाकणारी माणसे घाणेरडी असतात, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. बहुधा ती फार टापटिपीची असतात. घरातला केर दिवसातून दोनदा काढावा, अंगण सारवावे, सडा घालावा, दारी रांगोळी काढावी, हे महाराष्ट्रातल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मात्र तो केर झाडून नेऊन टाकायचा कुठे? अंगणाच्या पलीकडे. स्वच्छतेची हद्द उंबरठ्याबरोबर किंवा फार तर कुंपणाबरोबर संपते, आणि त्यापलीकडे जे आहे ते कुणाचेच नाही, असे मन धरून चालते. गाडी ही आता चाकांवरचे घरच झाली आहे. तिचाही उंबरठा असतो. तो म्हणजे खिडकीची काच.

समजा, श्रावणातला रविवार आहे. घाटात धुके उतरले आहे, कड्यांवरून पाणी कोसळत आहे आणि गाड्यांची लांबलचक रांग लागली आहे. एका गाडीत मागच्या आसनावर सहावी-सातवीतला एक मुलगा बसला आहे. त्याच्या एका हातात भाजलेले कणीस आहे, दुसऱ्या हातात वेफर्सची पुडी. दोन्ही संपतात. “गाडीत कचरा करू नकोस हं, बाळा,” आई म्हणते. आणि ती म्हणते ते योग्यच आहे. मुलगा काच खाली करतो आणि कणसाचे बुरकुंड नि पुडी दोन्ही बाहेर सोडतो. काच वर जाते. मुलाच्या लेखी गोष्ट संपली.

बुरकुंडाची गोष्ट खरोखरच लवकर संपते. संध्याकाळच्या आत ते एखाद्या गुराच्या तोंडी लागते. पुडीचा प्रवास मात्र आता कुठे सुरू होतो. तिचे नशीब चार-दोन हातांच्या अंतरावर ठरते, कारण सह्याद्रीचा हा माथा पाण्याची वाटणी करतो. पुडी पश्चिमेच्या अंगाला पडली, तर ओहोळातून ओढ्यात, ओढ्यातून खोपोलीकडे आणि तेथून पाताळगंगेच्या पाण्याबरोबर धरमतरच्या खाडीत जाऊन अरबी समुद्र गाठू शकते. पूर्वेच्या अंगाला पडली, तर तिच्यापुढे सारा दख्खन पसरलेला आहे. लोणावळ्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी देहूवरून, आळंदीवरून वाहत जाऊन तुळापूरला भीमेला मिळते. पुढे पुण्याचे सारे ओझे घेऊन मुळा-मुठा भीमेत येते. मग उजनीचे विस्तीर्ण धरण, आणि धरणाच्या खाली पंढरपूर. आषाढात वारकरी आळंदीहून आणि देहूहून पायी पंढरीला जातात. त्याच दिवसांत नदीही निराळ्या वाटेने त्याच गावाकडे निघालेली असते, आणि काठावरच्या रस्त्यांनी जे जे टाकले ते घेऊन निघालेली असते. पंढरपुरात अर्धचंद्राकार वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. तिथे भाविक जे पाणी ओंजळीत घेतो, त्यात वरच्या किती रस्त्यांची आठवण मिसळलेली असते, हे त्याला दिसत नाही. तेथून भीमा कर्नाटकात शिरते, रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णा श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा मागे टाकून बंगालच्या उपसागरात जाते.

अर्थात खंडाळ्याची प्रत्येक पुडी बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचत नाही. बहुतेक वाटेतच अडकतात. कुणी पुलाच्या खांबाला गुंडाळून बसते, कुणी करंजाच्या मुळांत, कुणी धरणाच्या गाळात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते आपली वाकडी चोच चिखलात घालून त्यातले बारीक जीव गाळून खातात. नदीने वर्षानुवर्षे आणून सोडलेले बारीकसारीक असेच गाळात बसते.

गावात आणि शहरात पुडीला नदीपर्यंत जाण्याचीही गरज पडत नाही. रस्त्याच्या कडेचे गटार तिला पुरते. एका पुडीने गटार तुंबत नाही हे खरे. पण गटारातली दुसरी पुडी पहिलीला अडते, त्या दोघींवर माती साचते, आणि उन्हाळाभर हे बांधकाम चालू असल्याचे कुणाच्या ध्यानी येत नाही. ते ध्यानी येते पावसाळ्यात. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस पचविणे कोणत्याही शहराला जड गेले असते. त्यात भरतीची वेळ होती आणि मिठी नदीचे पात्र भरावांनी आवळलेले होते. तथापि जिथे पाण्याला वाट होती, तिथेही ती प्लास्टिकने नि गाळाने बुजलेली आढळली. त्या पुरात शेकडो माणसे दगावली. बांगलादेशने तर 1988 आणि 1998 च्या महापुरांत हाच अनुभव घेतला होता, आणि 2002 साली पातळ पॉलिथीन पिशव्यांवर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2018 साली बंदी आली. कायद्याने बराच फरक पडतो, यात शंका नाही. परंतु कायदा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत जितक्या सहज पोहोचतो, तितक्या सहज धावत्या गाडीच्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही.

पंढरपूरचे नाव निघाले की वाळवंटात झाडू घेऊन उभी राहिलेली एक मूर्ती डोळ्यांपुढे येते. गाडगेबाबा यात्रेला येत, पण देवळाच्या रांगेत उभे राहत नसत. माणसांनी केलेली घाण झाडीत असत. ज्या गावी जात, तिथे दिवसभर रस्ते नि गटारे साफ करीत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहून गावकऱ्यांची डोकी झाडीत! त्यांच्या खराट्यापुढे जे गोळा होई, ते शेण, पाचोळा, उष्ट्या पत्रावळी, राख. सारे उकिरड्याच्या खड्ड्यात जाई आणि वर्षाने खत होऊन शेतावर चढे. बाबांनी 1956 साली देह ठेवला. बनियनसारख्या पिशवीचे पेटंट त्यानंतर नऊ वर्षांनी निघाले. बाबांच्या खराट्यापुढे आलेले पुष्कळसे मातीला पचत असे. आज तोच खराटा कुणी हाती घेतला, तर झाडून गोळा केलेले टाकायचे कुठे, हा प्रश्न झाडण्यापेक्षा अवघड होऊन बसतो.

या प्रश्नाचे उत्तर रोज सकाळी प्रत्यक्ष हातांनी शोधणारी माणसे आहेत. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ नावाची आपली संघटना उभारली, आणि 2008 पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था शहरात घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या कामात बहुसंख्य बायका आहेत. कोणते प्लास्टिक वितळवून पुन्हा घडविता येते, हे त्या नुसत्या बोटांनी चाचपून, आवाज ऐकून सांगतात. दुधाची पिशवी एका बाजूला, बाटली एका बाजूला, बाटलीचे झाकण निराळे. वेफर्सची चंदेरी पुडी हाती आली की मात्र त्या ती बाजूला ठेवून देतात. प्लास्टिकवर धातूचा मुलामा आणि त्यावर पुन्हा प्लास्टिक, अशी ती थरांनी चिकटवलेली असते. थर वेगळे करणे परवडत नाही आणि भंगारवाला तिला भाव देत नाही. ज्या वस्तूला भंगारातही किंमत नाही, तीच घाटाच्या कडेला सर्वांत अधिक पडलेली असते. तिला उचलायला दरीत कोण उतरणार?

पाऊस संपतो, पूर ओसरतो. जुन्या काळी पूर किती चढला होता, हे घाटाच्या पायऱ्यांवरून सांगत; यंदा नदी सातव्या पायरीला लागली, यंदा नंदी बुडाला, असे. आता पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत. इंद्रायणीच्या नि भीमेच्या काठी बाभळींची रांग असते, आणि तिच्यावर एका ठराविक उंचीपर्यंत पिशव्यांच्या चिंध्या नि पुड्या लटकलेल्या दिसतात. निळ्या, पांढऱ्या, चंदेरी. त्यांच्या वर हिरवा पाला, त्यांच्या खाली चिखल. सुगरण पक्षी घरट्यासाठी गवताची पाती शोधीत येतात आणि त्या चिंध्यांमधून वाट काढीत फांदीवर बसतात. वाऱ्याने चिंध्या फडफडत राहतात. काट्यांनी त्यांना घट्ट धरलेले असते. पुढच्या वर्षीचा पूर येईपर्यंत त्या तिथेच असतात.